बुद्धिबळातील लोकप्रिय वीर आणि त्यांच्या लोकप्रियतेचे मर्म

डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे गुकेश या अठरा वर्षांच्या भारतीय तरुणाने चीनच्या डिंग लिरेन याला साडेसात विरुद्ध साडेसहा गुणांनी हरवून बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळविले. इतक्या लहान वयात हा मान त्यापूर्वी कोणालाही मिळाला नव्हता. पुढे सातच महिन्यांनी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. आणि अंतिम फेरीत तिच्यासमोर होत्या त्या आपल्याच देशाच्या कोनेरू हंपी. अशा बातम्या वाचल्या की माळ्यावरचे पट खाली उतरतात, आणि मुलाला या खेळाच्या वर्गात घालावे किंवा कसे, असे विचारणारे पालक भेटू लागतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : या खेळात सर्वांत मोठा कोण?

या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड नाही. बुद्धिबळात प्रत्येक खेळाडूच्या जयापजयाचा हिशेब ठेवून त्याला गुणांकन देण्याची पद्धत आहे. नॉर्वेच्या माग्नुस कार्लसन याने २०१४ मध्ये २८८२ हा आकडा गाठला, आणि त्यापूर्वी त्या उंचीवर कोणी पोहोचलेले नव्हते. ज्याला केवळ मोजमाप हवे, त्याने एवढे ऐकून घरी जावे. परंतु आयुष्यभर पटापुढे बसलेल्या एखाद्या वयोवृद्ध खेळाडूला आपण थोडा निराळा प्रश्न विचारून पाहावा. 'सर्वांत मोठा कोण' असे न विचारता 'तुमचा आवडता कोण' असे विचारावे. त्याबरोबर त्याचा चेहरा खुलतो, तो पट मांडू लागतो, आणि जे नाव घेतो ते पुष्कळदा आकड्यांच्या यादीत शिखरावर नसते. क्वचित ते नाव कधीही जगज्जेता न झालेल्या माणसाचे असते. असे का व्हावे? मोठेपण आणि लोभ या दोन गोष्टी निराळ्या आहेत काय? आणि निराळ्या असतील, तर आपल्या मुलांपुढे आपण कोणती ठेवावी? या लेखात आम्हांला याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

केवळ बळ पुरेसे नाही

प्रथम एक गैरसमज दूर करू. जो अधिक बलवान तो अधिक कौतुकास्पद, असे वरवर पाहता वाटते. हे खरे असते तर आज सर्वांनी यंत्राची पूजा करावयास हवी होती. १९९७ मध्ये 'डीप ब्ल्यू' नावाच्या संगणकाने गॅरी कास्पारोव्ह या जगज्जेत्याला सहा डावांच्या सामन्यात हरविले. आता तर खिशातल्या फोनवर चालणारा बुद्धिबळाचा प्रोग्रॅमही कोणत्याही मनुष्याला भारी पडतो. तो थकत नाही, भीत नाही, चुकला तरी माणसाइतका चुकत नाही. तथापि त्याच्या डावासाठी कोणी रात्र जागून काढली, किंवा तो हरला म्हणून कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही, असे आम्ही ऐकलेले नाही. मोटार माणसापेक्षा वेगाने पळते म्हणून शर्यतीच्या मैदानावर कोणी मोटारीच्या गळ्यात हार घालीत नाही.

याचा अर्थ असा, की पटावर आपण मोहऱ्यांच्या हालचालींच्या आड एक माणूस पाहत असतो. त्याच्याजवळ आपल्यासारखेच एक डोके आहे, आपल्यासारखीच घड्याळाची भीती आहे, आणि त्यातून त्याने ही चाल शोधून काढली, हे आपल्याला ठाऊक असते. गाण्याच्या मैफलीत तान किती वेळ चालली हे घड्याळ लावून मोजता येईल, पण मान डोलते ती त्या मोजमापाने नव्हे. बुद्धिबळाच्या रसिकाचेही तसेच आहे. तो कशाला मान डोलावतो, हे आता एकेका थोर खेळाडूच्या उदाहरणाने पाहू.

सरळपणाचे सौंदर्य

या खेळातला पहिला सार्वत्रिक लोभ ज्याच्या वाट्याला आला तो अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचा पॉल मॉर्फी. त्याचा जन्म १८३७ चा. एकविसाव्या वर्षी तो युरोपात गेला, आणि तेथील नामांकित खेळाडूंना त्याने एकामागून एक हरविले. त्याच साली पॅरिसच्या ऑपेरागृहात, खेळ चालू असताना, ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर या दोघांनी मिळून त्याच्याशी एक डाव मांडला. अवघ्या सतरा चालींत तो संपला. आज दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी जगभर शिक्षक नवशिक्या मुलाला बहुधा हाच डाव सर्वांआधी दाखवितात.

त्यात असे आहे तरी काय? मॉर्फी आपला एकेक मोहरा घराबाहेर काढून कामाला लावतो आणि व्यर्थ चाल करीत नाही. समोरच्यांचा राजाच्या बाजूचा उंट आणि हत्ती डाव संपेपर्यंत जागचे हललेलेसुद्धा नाहीत. शेवटी मॉर्फी आपला वजीर देऊन टाकतो, आणि उरलेल्या एका हत्तीने व एका उंटाने मात करतो. जे मोहरे कामाला लागले ते थोडे असले तरी जिंकतात, आणि जे घरी बसून राहिले ते संख्येने पुष्कळ असले तरी निरुपयोगी ठरतात, हा धडा दहा वर्षांच्या मुलालाही कळतो. साहित्यशास्त्रात ज्याला प्रसादगुण म्हणतात तो हाच : अर्थ चटकन कळावा आणि तरीही तो क्षुल्लक नसावा.

हाच गुण पुढे क्यूबाच्या होजे राउल कापाब्लांका याच्या खेळात पूर्णत्वाला पोहोचला. वडील खेळत असताना नुसते पाहून तो चौथ्या वर्षी खेळ शिकला असे सांगतात. १९२१ मध्ये त्याने एकही डाव न गमावता इमान्युएल लास्करकडून जगज्जेतेपद घेतले. १९१६ पासून १९२४ पर्यंत सुमारे आठ वर्षे स्पर्धेच्या डावात त्याला कोणी हरवू शकले नाही. तथापि लोक त्याच्यावर लोभ करतात ते या विक्रमासाठी नव्हे. १९२४ साली न्यूयॉर्क येथे तार्ताकोव्हर याच्याशी खेळताना हत्ती आणि प्याद्यांचा शेवट आला. तेव्हा कापाब्लांकाने आपली दोन प्यादी शह सोसून मारू दिली, आणि इकडे आपला राजा शांतपणे एकेक घर चालवीत शत्रूच्या मुलखात नेला. राजा नेहमी लपवून ठेवावयाचा असे आपण शिकलेले असतो. येथे राजाच सेनापती होऊन पुढे चालला आहे, आणि तो इष्ट घरी पोहोचल्यावर डाव आपोआप सुटतो. पाहणाऱ्याला वाटते, 'अरे, हे तर मलाही सुचले असते!' अर्थात सुचले नसते. परंतु क्षणभर तसे वाटावयास लावणे, हीच त्याच्या कलेची किमया होय.

अद्भुताची ओढ

सरळपणाची आवड असलेला रसिक कापाब्लांकाकडे जातो. परंतु मनुष्याच्या मनाला अद्भुताचीही ओढ असते. १८५१ मध्ये लंडन येथे आडोल्फ आंडरसेन या जर्मन गणितशिक्षकाने किझेरित्स्की याच्याशी खेळताना एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन टाकला, आणि उरलेला एक उंट व दोन घोडे यांच्या बळावर मात केली. तो डाव 'अमर डाव' म्हणून प्रसिद्ध आहे. कर्णाने कवचकुंडले काढून द्यावीत, आणि तरीही युद्ध जिंकावे, असे काहीसे ते दृश्य आहे.

या परंपरेतला सर्वांत लाडका खेळाडू म्हणजे लाटव्हियातील रीगा शहराचा मिखाईल ताल. १९६० मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याने मॉस्को येथे मिखाईल बोत्विनिकला हरवून जगज्जेतेपद मिळविले. त्या सामन्याच्या सहाव्या डावात त्याने आपला घोडा अशा घरी नेऊन ठेवला, की प्रेक्षागृहात एकच गलबला उडाला, आणि खेळाडूंना शांतता मिळावी म्हणून डाव आतल्या खोलीत न्यावा लागला. पुढे अभ्यासकांनी शोधून काढले की त्या बलिदानाला तोड होती. मग काय त्या डावाची किंमत कमी झाली? मुळीच नाही. कारण तोड सापडली ती आरामखुर्चीत, घड्याळाची टिकटिक नसताना. पटावर, त्या घटकेला, बोत्विनिकसारख्या काटेकोर माणसालाही ती सापडली नाही. तालचे धाडस म्हणजे आंधळी उडी नव्हती; समोरच्याला अशा रानात न्यावयाचे की जेथे दोघांचीही वाट चुकेल, पण आपल्याला रानाची सवय असेल, असा तो प्रकार होता.

ताल आपल्या आत्मकथनात एक गमतीचा प्रसंग सांगतो. वास्युकोव्ह याच्याशी खेळताना घोड्याचे बलिदान करावे की नाही याचा तो विचार करीत होता. फाटे इतके फुटले, की मन भरकटले, आणि लहान मुलांच्या एका कवितेतला, दलदलीत रुतलेला पाणघोडा त्याला आठवला. त्याला बाहेर कसे काढावे? तरफा लावाव्यात, की हेलिकॉप्टर आणावे? बराच वेळ तो या विवंचनेत होता. शेवटी पाणघोडा बुडाला तर बुडू दे, असे ठरवून त्याने घोडा दिला आणि डाव जिंकला. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात आले, की तालने चाळीस मिनिटे सूक्ष्म गणित करून बलिदान केले! स्वतःच्या कीर्तीवर इतक्या मोकळेपणाने हसणारा माणूस कोणाला आवडणार नाही?

आणि हे हसणे सुखवस्तू माणसाचे नव्हते. त्याच्या उजव्या हाताला जन्मतःच तीनच बोटे होती. मूत्रपिंडाच्या विकाराने त्याला जन्मभर छळले. बोत्विनिकने १९६१ मध्ये पद परत घेतले तेव्हाही तो आजारी होता. १९९२ साली, मृत्यूच्या सुमारे महिनाभर आधी, तो मॉस्को येथे जलद डावांच्या स्पर्धेत खेळला, आणि तेथे त्याने कास्पारोव्हला एक डाव हरविला. तालचे डाव पाहताना रसिकाला जो आनंद होतो त्यात या जाणिवेचाही भाग आहे.

झुंज आणि श्रम

तिसऱ्या प्रकारचे रसिक चिवटपणावर लुब्ध होतात. त्यांचा आदर्श इमान्युएल लास्कर. हा गणितज्ञ होता, तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहीत असे, आणि आइन्स्टाइनच्या परिचयातला होता. १८९४ पासून १९२१ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, तो जगज्जेता होता. हे पद गेल्यावर कोणीही विश्रांती घेतली असती. परंतु १९२४ च्या न्यूयॉर्कच्या स्पर्धेत पंचावन्न वर्षांचा लास्कर कापाब्लांका व अलेखाइन या दोघांच्याही पुढे जाऊन पहिला आला. तो ज्यू असल्यामुळे हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये त्याला जर्मनी सोडावी लागली. १९३५ साली मॉस्को येथे, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्याने तिसरा क्रमांक मिळविला. पडत्या डावात हा माणूस जितका खुले तितका चढत्या डावात खुलत नसे, असे वाटते. संकटात सापडलेल्या माणसाला त्याचा डाव पाहून धीर येतो.

अलेक्झांडर अलेखाइन हे श्रमाचे उदाहरण. १९२७ मध्ये तो कापाब्लांकाला आव्हान देण्यास ब्वेनोस आइरेसला गेला, तेव्हा त्याने कापाब्लांकाला एकदाही हरविलेले नव्हते. त्याने त्याच्या डावांचा अभ्यास केला, दोषरहित समजल्या जाणाऱ्या त्या खेळातल्या बारीक भेगा शोधल्या, आणि चौतीस डाव चाललेल्या त्या सामन्यात सहा जिंकून, तीन हरून, पंचवीस बरोबरीत सोडवून पद मिळविले. उपजत देणगीवर अभ्यासाने मात करता येते, हे ज्यांना पटवून घ्यावयाचे असते त्यांना अलेखाइन प्रिय असतो. त्याच्याविषयीची दुसरी, कडू गोष्ट पुढे सांगावयाची आहे.

मुकुटाविना राजे

आता आम्ही अशा खेळाडूंकडे येतो, की ज्यांना सर्वोच्च पद कधीच मिळाले नाही, आणि तरीही ज्यांच्यावर लोकांनी प्रेम केले. पोलंडचा अकिबा रुबिनस्टाइन हा हत्तीच्या शेवटांचा अद्वितीय कारागीर. १९१२ या एका वर्षात त्याने पाच मोठ्या स्पर्धा जिंकल्या. लास्करशी त्याचा सामना १९१४ मध्ये व्हावयाचा, तो पहिले महायुद्ध पेटल्याने राहून गेला. पुढे मनाच्या व्याधीने त्याला ग्रासले आणि तो खेळातून निवृत्त झाला. एस्टोनियाचा पॉल केरेस हा तर आव्हानवीर निवडण्याच्या स्पर्धेत १९५३ पासून १९६२ पर्यंत लागोपाठ चार वेळा दुसऱ्या क्रमांकावर राहिला, एकदा तो इतरांबरोबर विभागून. दार उघडते आहे असे वाटावे आणि ते मिटावे, असे चार वेळा घडले. त्याच्या देशाने काय केले? स्वातंत्र्य परत मिळाल्यावर आपल्या पाच क्रूनच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. कित्येक जगज्जेत्यांना न मिळालेला हा मान दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला मिळाला. लोकांचा न्याय असा असतो.

आपल्या उपखंडातील मीर सुलतान खान याची हकिकत याहून चटका लावणारी आहे. तो पंजाबातला, सर उमर हयात खान यांच्या आश्रयाला होता. देशी नियमांचे बुद्धिबळ खेळूनच तो वाढला. त्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालते, त्यामुळे डावाचा आरंभच निराळा होतो. आपले आजोबा-पणजोबा जे खेळत तेच हे. मालकाबरोबर १९२९ मध्ये तो इंग्लंडात गेला, आणि पाश्चात्त्यांचे आरंभाचे शास्त्र जेमतेम ठाऊक असताना त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरविले. ज्याला पुस्तके वाचून मिळणारी पहिल्या दहा चालींची शिदोरी नव्हती, तो पुढच्या तीस चाली केवळ स्वतःच्या डोक्याने खेळून जगातल्या श्रेष्ठांना झुंजवीत होता. १९३३ अखेर मालक परतले, त्यांच्याबरोबर तोही परतला. आणि पाश्चात्त्य बुद्धिबळात त्याचे नाव पुन्हा दिसले नाही. १९६६ मध्ये तो वारला. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ मध्ये. न्याय झाला, पण घेणारा नव्हता.

या माणसांचे कौतुक करताना आपण दयेपोटी करतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. दया डावांना चिरंजीव करू शकत नाही. रुबिनस्टाइनचे शेवट आजही अभ्यासले जातात ते तो दुर्दैवी होता म्हणून नव्हे, तर ते उत्तम आहेत म्हणून. यशाचा प्रकाश नसतानाही जे गुण दिसतात ते आपल्याच डोळ्यांनी पाहिलेले असतात. त्यासाठी पदकाची साक्ष लागत नाही. म्हणून अशा खेळाडूवरचा लोभ अधिक स्वतःचा वाटतो.

बंद दारे उघडणाऱ्या

स्त्रियांच्या बाबतीत कौतुकाला आणखी एक कारण मिळते. व्हेरा मेंचिक ही १९२७ मध्ये पहिली महिला जगज्जेती झाली. १९२९ मध्ये कार्ल्सबाड येथे तिला पुरुषांच्या स्पर्धेत घेतले तेव्हा बेकर नावाच्या खेळाडूने थट्टेने सुचविले, की जो हिच्याकडून हरेल त्याला 'व्हेरा मेंचिक क्लब'चा सभासद करावे. पहिला सभासद तोच झाला. पुढे या क्लबात माक्स ऑयवे याच्यासारखा, नंतर जगज्जेता झालेला, खेळाडूही दाखल झाला. १९४४ मध्ये लंडनवर पडलेल्या जर्मन उडत्या बाँबने तिचा अंत झाला.

आपल्याकडे हीच गोष्ट खाडिलकर भगिनींच्या रूपाने घडली. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही कन्यांनी राष्ट्रीय महिला स्पर्धा गाजविल्या. त्यांपैकी रोहिणी यांनी १९७६ मध्ये, तेरा वर्षांच्या असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. त्यावर वाद झाला, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या त्याच ऑयवे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. मेंचिककडून पूर्वी हरलेल्या माणसाने मुंबईच्या मुलीसाठी दार उघडावे, हा योगायोग मोठा सुंदर आहे. हंगेरीची युदित पोल्गार हिने १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर होऊन फिशरचा विक्रम मोडला, आणि पुढे ती स्त्रीपुरुषांच्या एकत्र क्रमवारीत आठव्या स्थानापर्यंत गेली. या स्त्रियांच्या कौतुकात चालींचे कौतुक आहेच. त्याबरोबर हे पटापुढे बसण्याचा हक्क मिळविण्याचेही कौतुक आहे.

एक अवघड प्रश्न

येथवरची वाट सोपी होती. आता कडू गोष्ट. जगात ज्या खेळाडूचे नाव खेळ न जाणणाऱ्यालाही ठाऊक आहे तो बॉबी फिशर. तेराव्या वर्षी, १९५६ मध्ये, त्याने वजीर देऊन डॉनल्ड बर्न याला हरविले. सोव्हिएत मासिके वाचता यावीत म्हणून तो रशियन शिकला. १९७१ मध्ये ताइमानोव्ह आणि लार्सन या दोघा ग्रँडमास्टरांना त्याने सहा विरुद्ध शून्य अशा फरकाने हरविले, आणि १९७२ मध्ये आइसलंडमधील रेक्याविक येथे बोरिस स्पास्कीला हरवून तो जगज्जेता झाला. एका माणसाने एकट्याच्या श्रमाने एका बलाढ्य राष्ट्राच्या सबंध परंपरेशी झुंज घेतली, हे दृश्य कोणालाही भारावून टाकणारे होते. पण १९७५ मध्ये अटींच्या वादावरून त्याने पद सोडले, तो अज्ञातवासात गेला, आणि उतारवयात, स्वतःची आई ज्यू असतानाही, ज्यू लोकांविषयी विषारी उद्गार काढू लागला. २००१ मध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला तेव्हा त्याने उघड आनंद व्यक्त केला. अलेखाइनच्या नावावरही १९४१ मध्ये नाझींच्या ताब्यातील पॅरिसमध्ये ज्यूद्वेषाचे लेख प्रसिद्ध झाले. ते आपण लिहिले नाहीत असे तो पुढे म्हणाला. पण तो डाग पुसला गेला नाही.

मग या दोघांचे डाव आपण मुलांना दाखवू नयेत काय? काही जण म्हणतात, कलावंताचे खासगी जीवन कशाला पाहावयाचे? दुसरे म्हणतात, असल्या माणसाचे नावही घेऊ नये. आम्हांला दोन्ही मते अपुरी वाटतात. डाव हा पटावर मांडलेला उघडा ग्रंथ आहे. त्यातली प्रत्येक चाल आपण तपासू शकतो, आणि खरी असेल तेथे मान झुकविणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. परंतु डावाला केलेला नमस्कार माणसाच्या पायांशी नेऊन ठेवू नये. मुलाला फिशरचा डाव दाखवावा, आणि त्याच बैठकीत त्याचे उद्गारही सांगावेत. प्रतिभा माणसाला चांगुलपणाचे प्रमाणपत्र देत नाही, हे त्याला लहानपणीच कळले तर पुढे पुष्कळ फसवणूक टळेल. दोन खाती निराळी ठेवावीत. मात्र एकही खाते लपवू नये.

देणारे हात

ही दोन खाती ज्यांच्या बाबतीत जुळतात ते भाग्याचे. विश्वनाथन आनंद यांच्याविषयी आपल्या मनात जो जिव्हाळा आहे तो केवळ ते आपले आहेत म्हणून नव्हे. आईकडून खेळ शिकून, चेन्नईतील तालच्या नावाच्या क्लबात खेळून हा मुलगा १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. २००७ ते २०१३ या काळात त्यांनी क्रामनिक, तोपालोव्ह आणि गेल्फांड यांच्याशी सामने खेळून जगज्जेतेपद राखले. २०१३ मध्ये स्वतःच्याच गावी, चेन्नईत, ते कार्लसनकडून हरले. तेव्हा पुष्कळांनी त्यांना निवृत्तीचा सल्ला दिला. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. पुढच्याच वर्षी आव्हानवीरांची स्पर्धा जिंकून ते पुन्हा सामन्यास उभे राहिले. पुढे त्यांनी लहान खेळाडूंना मार्गदर्शन करण्यास आरंभ केला, आणि गुकेश त्यांपैकीच एक.

बोत्विनिकचेही असेच होते. तो विजेचा अभियंता, स्वभावाने कडक. तालसारखा लाडका तो कधीच झाला नाही. पण कार्पोव्ह, कास्पारोव्ह आणि क्रामनिक हे तीन जगज्जेते त्याच्या वर्गात बसून गेले. आपल्याकडे सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे हेच व्रत चालविले, आणि त्यातून भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारखी राष्ट्रीय विजेती पुढे आली. अशा माणसांची नावे विक्रमांच्या यादीत सापडत नाहीत. पण एखाद्या जुन्या खेळाडूला 'तुमचा आवडता कोण' असे विचारले, तर पुष्कळदा तो आधी आपल्या शिक्षकाचेच नाव घेतो.

तात्पर्य, लोक लोभ करतात तो विजयावर नव्हे, तर विजयापर्यंतच्या किंवा पराभवापर्यंतच्या चालण्यावर. कोणाला त्यात स्वच्छ विचार दिसतो, कोणाला धाडस, कोणाला चिवटपणा, कोणाला उदारपणा. आपला आवडता खेळाडू सांगताना आपण नकळत स्वतःचीच ओळख करून देत असतो : आपल्याला काय व्हावेसे वाटते ते सांगत असतो. म्हणून आमची पालकांना एवढीच विनंती आहे. मुलाला गुणांकनाचे आकडे आणि बक्षिसांच्या रकमा पाठ करावयास लावू नका. मॉर्फीचा तो सतरा चालींचा डाव त्याच्यासमोर मांडा, आणि 'कोण जिंकले' असे न विचारता, 'तुला कोणती चाल आवडली, आणि का' असे विचारा. हरलेल्या बाजूचीही एखादी चाल त्याला आवडली, तर समाधान माना.

रेक्याविकच्या त्या सामन्यातील सहाव्या डावात फिशरने नेहमीचा आरंभ सोडून निराळ्याच वाटेने डाव नेला, आणि अत्यंत देखण्या रीतीने तो जिंकला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. तेव्हा स्पास्की, ज्याच्या मागे त्याच्या सरकारची सारी अपेक्षा उभी होती आणि ज्याचे पद हातातून निसटत होते, तोही प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवू लागला. स्पास्की फेब्रुवारी २०२५ मध्ये वारला. तो सामना तो हरला. परंतु मुलाला एकच प्रसंग सांगावयाचा झाला, तर आम्ही त्या टाळ्यांचा सांगू.